शीआनला जाण्याआधी



येत्या एप्रिलमध्ये आमच्या ओळखीतली सहा कुटुंबे चीनला जायची आहेत. चार डिचोलीची, दोन पेडण्याची. मोपाला विमानतळ झाल्यापासून पेडणेकरांना सारे जगच अंगणाच्या कडेला आल्यासारखे वाटू लागले आहे, त्यात त्यांचा दोष नाही. सहल ठरली तेव्हा मला वाटले होते की सगळे चीनच्या भिंतीचा हट्ट धरतील. पण एकाची मुलगी तिकडे जाऊन आली होती. तिने शीआन शहरातल्या इतिहास संग्रहालयाचे असे काही वर्णन केले की सर्वांनी एकमुखाने तेच पहिले घातले. आणि ‘डॉक्टरांना इतिहासाचा नाद आहे’ एवढ्या कारणावरून सहलीचे टिपण तयार करण्याचे काम माझ्याकडे आले.

मी इतिहासकार नाही. होमिओपॅथीची पदवी घेऊन बेळगावकडून डिचोलीत आलो, दवाखाना थाटला आणि आठवड्याचे दोन दिवस पेडण्याला जाऊ लागलो, त्याला आता छत्तीस वर्षे झाली. या व्याख्यानमालेत माझ्याआधी ज्यांनी लिहिले त्यांच्या पंगतीला बसण्याची माझी योग्यता नाही. तरीही लिहितो आहे, कारण ते टिपण करता करता माझीच एक चूक माझ्या लक्षात आली, आणि ती माझ्या एकट्याची नसावी असे वाटते.

आधी टिपणातला व्यवहाराचा भाग सांगतो, म्हणजे ज्यांना खरोखर जायचे आहे त्यांचा खोळंबा होणार नाही.

संग्रहालयाचे नाव शाआन्शी इतिहास संग्रहालय. शेजारच्या शान्शी प्रांताचे नाव जवळजवळ सारखेच असल्यामुळे नोंदणी करताना नीट पाहावे. आपल्याला जायचे आहे ते शीआन शहरात. इमारत १९९१ साली सुरू झाली आणि ती तांग काळातील राजवाड्यांच्या धर्तीवर बांधलेली आहे. सोमवारी संग्रहालय बंद असते. मुख्य दालनांना पैसे पडत नाहीत, पण प्रत्येकाच्या नावानिशी, पासपोर्टचा क्रमांक देऊन आगाऊ नोंदणी करावी लागते. जागा झपाट्याने भरतात. दारात जाऊन ‘आम्ही एवढ्या लांबून आलो’ असे सांगून उपयोग होत नाही. ऑक्टोबरचा पहिला आठवडा आणि चिनी नववर्षाचे दिवस टाळावेत, कारण त्या वेळी सारा देशच प्रवासाला निघालेला असतो. तांग राजघराण्याच्या थडग्यांतील भित्तिचित्रांचे दालन वेगळे आहे, त्याला वेगळे तिकीट लागते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी एका दिवसात सगळे पाहण्याचा आग्रह धरू नये. हा सल्ला डॉक्टर म्हणून.

आत गेल्यावर काय पाहावे? मांडणी काळाच्या क्रमाने आहे: झौ काळाची काशाची भांडी, छिन सम्राटाच्या मातीच्या सैन्यातले काही सैनिक, मग हान, मग तांग. मी सर्वांना एकच गोष्ट सावकाश पाहायला सांगितली आहे. १९७० साली शीआन शहरात हेजिया नावाच्या वस्तीत खोदकाम चालू असताना मातीचे दोन मोठे रांजण सापडले. त्यांत सोन्याचांदीच्या वस्तू धरून हजारावर वस्तू होत्या. त्यांतच जपानची चांदीची नाणी होती, बायझंटाईन साम्राज्याचे सोन्याचे नाणे होते आणि इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे नाणेही होते. कोणीतरी संकटाच्या वेळी घाईघाईने पुरलेले हे धन बाराशे वर्षांनी वर आले. त्या दोन रांजणांत अर्ध्या जगाचे दळणवळण मावले होते.

इथवर टिपण सुरळीत झाले. मग मी लिहायला घेतले की संग्रहालयापासून जवळच ‘मोठ्या रानहंसाचा’ मनोरा आहे, तोही पाहावा. आणि तिथे माझी लेखणी अडली.

हा मनोरा इ.स. ६५२ मध्ये बांधला गेला तो ह्युएन त्संगने भारतातून नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी. शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनी त्याचे नाव वाचले आहे. ६४५ साली तो चांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला परत पोचला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. त्याआधी, ६४१ च्या सुमारास, तो महाराष्ट्रात आला होता. इथले लोक मानी आहेत, उपकाराची जाण ठेवतात आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. राजाचे नाव दिले पुलकेशी. हर्षासारखा सम्राटही या राजाला नमवू शकला नाही, ही नोंदही त्याचीच.

आता दुसरी बाजू पाहा. ह्युएन त्संग येण्याच्या सहा-सात वर्षे आधी, शके ५५६ मध्ये, ऐहोळच्या मेगुती टेकडीवर एका कवीने दगडी जिनालय बांधले आणि त्याच्या भिंतीवर त्याच पुलकेशीची प्रशस्ती कोरली. त्याचे नाव रविकीर्ती. तो जैन होता. हर्षाचा पराभव, तीन महाराष्ट्रके आणि त्यांतली नव्याण्णव हजार गावे, हे सारे त्या लेखात आहे. म्हणजे एकाच राजाचे दोन साक्षीदार: एक परदेशी बौद्ध भिक्षू, एक घरचा जैन कवी. एकाची स्मृती चीनमध्ये सात मजली मनोऱ्यात जपलेली आहे, दुसऱ्याची ऐहोळच्या टेकडीवरच्या भिंतीत.

रविकीर्तीच्या लेखात आणखी एक नाव येते, आणि ते पेडणेकरांनी कान देऊन ऐकावे. पुलकेशीचा चुलता मंगलेश याने रेवतीद्वीप जिंकले असे तो सांगतो. हे रेवतीद्वीप म्हणजे आजचे रेडी असे अभ्यासक मानतात. तेरेखोलच्या किल्ल्यावर उभे राहिलात की पलीकडे लागूनच आहे ते. शके ५३२ च्या, म्हणजे इ.स. ६१० च्या ताम्रपटात सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मन नावाचा अधिकारी या रेवतीद्वीपातून चार विषयांचा कारभार पाहताना दिसतो. इराणात तेव्हा राज्य करत होता दुसरा खुस्रो. ज्याचे नाणे हेजियाच्या रांजणात सापडले तोच. म्हणजे शीआनच्या काचेच्या पेटीतले ते नाणे आणि आपल्या तेरेखोलच्या पलीकडचे बंदर हे एकाच काळाचे आहेत. पेडण्याहून शीआनला निघालेला माणूस परक्या इतिहासाकडे चाललेला नाही. फक्त त्याच्या हातात घरच्या इतिहासाचे पान नसते, म्हणून त्याला तसे वाटते.

हे लिहून झाल्यावर मी स्वतःला विचारले: रविकीर्तीच्या धर्माचा मी, माझ्या तालुक्यातले त्याच परंपरेचे देऊळ मी पाहिले आहे का?

उत्तर लाजिरवाणे होते. डिचोली तालुक्यात कुडणे गावी जैन बस्तीचे अवशेष आहेत. गावातले लोक त्याला ‘गुजिराचे देऊळ’ म्हणतात. माझ्याकडे कुडण्याची एक म्हातारी बाई अनेक वर्षे औषधाला येत असे. सांधे धरायचे, पावसाळ्यात जास्त. तिच्या केसपेपरवर पत्त्याच्या जागी मीच माझ्या हाताने लिहिले होते, ‘गुजिराकडे, कुडणे’. गुजिर म्हणजे काय हे मी विचारले नाही. एकदा तीच म्हणाली, “दोतोर, तुमी जैन न्हंय? तुमचें देवूळ आमच्या गांवांत आसा. तुमी कित्याक येनात?” लहानपणी गुरे राखताना ती त्या भिंतींच्या सावलीला बसायची, असेही तिने सांगितले. मी म्हटले, येतो एकदा. पुढच्या रोग्याला हाक मारली. अकरा वर्षे गेलो नाही. मध्यंतरी ती वारली.

होमिओपॅथीत आम्हाला पहिली शिकवण मिळते ती रोग्याची हकीकत घेण्याची. हानेमानने ‘ऑर्गनॉन’मध्ये त्यासाठी वीसेक सूत्रे खर्ची घातली आहेत. रोग्याला मध्येच तोडू नये, त्याच्याच शब्दांत लिहावे, बोलणे थांबल्यावर ‘आणखी काय’ म्हणून विचारावे. सांध्यांच्या बाबतीत मी हे सारे केले. त्या बाईला आपल्या गावाच्या देवळाबद्दल काय ठाऊक होते, कोणत्या भाटात कोणता दगड पडला होता, तिच्या आजीने गुजिराबद्दल काय सांगितले होते, हे मात्र मी विचारले नाही. ती हकीकत आता कोणत्याच संग्रहालयात मिळायची नाही.

शेवटी चीनच्या टिपणाच्या निमित्ताने, गेल्या डिसेंबरात, मी कुडण्याला गेलो. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती उभ्या आहेत, गर्भगृहाची जागा कळते, त्यात मूर्ती नाही. मी बेळगावकडचा. लहानपणी वडिलांचे बोट धरून बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेलेला. ती १२०४ सालची, रट्ट राजांच्या वेळची. आत नेमिनाथ आहेत, छताला दगडाचे कमळ आहे. देऊळ म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे ते कमळ येते. कुडण्याला वर पाहिले तर आभाळ होते. हात कुठे जोडावेत हे क्षणभर कळले नाही. मग जिथे मूर्ती असायला हवी होती तिथे जोडले.

पण एवढ्यावरून ‘तिकडे बघा कसे जपतात आणि आपल्याकडे बघा’ असा सूर मला लावायचा नाही. तो सोपा आहे आणि अर्धवट आहे. ज्या कमल बस्तीचा मी अभिमान धरतो तिचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. म्हणजे देऊळ उभे आहे पण त्याची कागदपत्रे परगावी. कुडण्याला देऊळ मोडले आहे, पण जागा जागेवर आहे आणि तिचे नाव लोकांच्या तोंडी आहे. संग्रहालय वस्तू वाचवते हे खरे. पण वाचवताना ती तिच्या गावापासून तोडते, हेही तितकेच खरे. वस्तू एकीकडे, जागा दुसरीकडे आणि आठवण तिसरीकडे, असा हा तुटलेला संसार आहे. तो पुन्हा जुळवायचा तर पाहणाऱ्याने आपल्या पायांनी जुळवावा लागतो. चीनच्या सहलीआधी आपल्याकडची सहल करा असे मी म्हणतो ते याच कारणासाठी.

दोन-तीन दिवसांची ही सहल कशी करावी ते सांगतो.

पहिल्या दिवशी सकाळी जुन्या गोव्याला जा. सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या कॉन्व्हेंटमध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संग्रहालय आहे. तिथे सुट्टी शुक्रवारी असते, हे शीआनच्या सोमवारासारखेच लक्षात ठेवा. पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय यांच्या तसबिरींची रांग तिथे आहे; १५४७ साली जुआंव द काश्त्रु याने ती प्रथा सुरू केली. कवी कामोंइशचा काशाचा भव्य पुतळा आहे. तो एके काळी बाहेर, से कॅथेड्रलसमोर उभा होता. बहुतेक लोक एवढे पाहून बाहेर पडतात. तुम्ही वीरगळ आणि सतीशिळांकडे जा. ते आपल्या गावांतून आलेले दगड आहेत. प्रत्येकापुढे तीन प्रश्न विचारा: हा कुठे होता? इथे कसा आला? आणि याच्या मूळ जागी आज काय आहे? पाटीवर तिन्हींची उत्तरे क्वचितच मिळतात. पण प्रश्न विचारणारा डोळा घेऊन तुम्ही शीआनला गेलात तर तिथलेही निराळे दिसेल.

तिथून थोड्याच अंतरावर सेंट ऑगस्टीनचा पडका मनोरा आहे. त्या परिसरात उत्खनन झाले तेव्हा चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे निघाले. यात नवल नाही. माकावचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या हाताखाली होता, आणि तिकडची निळी-पांढरी भांडी गोव्याच्या मोठ्या घरांतून जेवणाच्या टेबलावर असत. आपल्या साध्या घरांत तेवढी ऐपत नव्हती, पण लोणच्याची बरणी ‘चिनीमातीची’ होतीच. नाव रोज तोंडात होते, देश डोक्यात नव्हता.

नंतर जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडीला जा, आणि दिवाडी ओलांडून पलीकडच्या फेरीने नार्व्याला उतरा. हा रस्ता मुद्दाम सांगतो आहे. दिवाडीवर सप्तकोटीश्वराचे मूळ देऊळ होते. गोव्याच्या कदंब राजांचे ते दैवत; त्याच्या वरप्रसादाने आपल्याला राज्य मिळाले असे ते आपल्या सोन्याच्या नाण्यांवर घालत. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते देऊळ पाडले, देव नदी ओलांडून नार्व्याला आला, आणि १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी तिथे देवळाचा जीर्णोद्धार केला. तसा शिलालेख दारावर आहे, तो वाचा. ज्या पाण्यावरून देव आला त्याच पाण्यावरून तुम्ही जाता. शीआनमध्ये कितीही मोठे दालन असले तरी हे त्यात मिळणार नाही.

नार्व्यालाही जैन मठाचे अवशेष आहेत, आणि तिथून कुडणे त्याच तालुक्यात. कुडणे करून संध्याकाळी साखळीमार्गे घरी या.

दुसरा दिवस पणजीच्या राज्य संग्रहालयाला द्या. १९७७ साली ते लोकांसाठी उघडले. पाटोवरच्या त्याच्या इमारतीचे उद्घाटन १९९६ मध्ये राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते झाले होते. पुढे ती इमारत धोक्याची ठरल्यामुळे संग्रह आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात हलवावा लागला. तेव्हा निघण्यापूर्वी कोणती दालने उघडी आहेत याची फोनवर चौकशी करा. डिचोली तालुक्यातले जैन अवशेष पाहायचे आहेत असे तिथे सांगा. आदल्या दिवशी रिकामे गर्भगृह पाहिलेले असेल तर तीर्थंकरांची मूर्ती तुम्हाला नुसती ‘मूर्ती’ वाटणार नाही. कदंबांचे सिंहाचे नाणेही पाहा. काल ज्या देवाला हात जोडले त्याचेच नाव त्यावर आहे.

तिसरा दिवस पेडण्याचा. तेरेखोलच्या किल्ल्यावर जा, पलीकडचे रेडी पाहा. सावंतवाडीच्या भोसल्यांचा हा किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ मध्ये घेतला. सारा पेडणे महाल मात्र १७८८ साली त्यांच्याकडे गेला. या उशिरामुळेच आपले तालुके ‘नव्या काबिजादीं’त मोडतात. तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत सोळाव्या शतकात जे झाले ते इथे झाले नाही, आणि तिकडचे देव इकडे आसऱ्याला आले. एक-दोनशे वर्षे आपली गावेच गोव्याची कोठारे होती. देव, पोथ्या, आठवणी, सारे इथे ठेवले गेले. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांचा उगमही त्याच स्थलांतरात आहे. कुलदेवता एका गावी, मूळ गाव दुसरे आणि घर तिसऱ्या ठिकाणी, हे तुम्हाला नवे नाही. म्हणून संग्रहालयातल्या तुटलेल्या दगडाचे दुःख तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळावे.

हे वाचून एखादा म्हणेल, डॉक्टर, तुम्ही जैन म्हणून कुडण्याचे कौतुक. थोडे खरे आहे. पण त्या बाईने मला बोलावले तेव्हा ती जैन नव्हती. बोलावताना ‘तुमचें देवूळ’ म्हणाली आणि लगेच ‘आमच्या गांवांत’ असेही म्हणाली. देऊळ तुमचे, गाव आमचे, तेव्हा तुम्ही यायला हवे, एवढा सरळ हिशेब होता तिचा. बांदिवड्याचा जैन कोटही असाच फोंड्याच्या लोकांनी नावानिशी लक्षात ठेवला आहे. पूजा थांबली तरी गावाने नाव सोडले नाही. त्या नावाचा मागोवा आपण घ्यायचा आहे, आणि तो घेण्यासाठी पासपोर्ट लागत नाही.

एप्रिलच्या सहलीचे पैसे भरून झाले आहेत, शीआनची नोंदणी ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी करायची असे ठरले आहे. त्याआधी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, आम्ही सहाही कुटुंबे फेरीबोटीने नार्वे आणि पुढे कुडणे करणार आहोत. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर सकाळी साडेआठला. टोपी, पाणी आणि चालायला बरे पडेल असे पायताण आणा. अवशेषांत गवत असते. येण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसापाशी अर्धा तास बसा, आणि आपल्या गावात कोणत्या दगडाला काय म्हणत ते विचारून एका कागदावर लिहून आणा. त्यांच्याच शब्दांत लिहा, मध्ये तोडू नका, आणि बोलणे थांबले की ‘आणखी काय’ म्हणून विचारा.